पडदा लागेपर्यंत

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, सात वर्षांपूर्वी मुंबईत अपघात झाला. तिचा तोल गेला आणि ती फुटपाथवरून खाली पडली, असं आमच्या सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. तिचा तोल गेला नव्हता. मी कॅमेरा डोळ्याला लावून म्हणालो होतो, "अक्का, थोडं मागं," आणि ती मागं गेली होती.

जानेवारी आला की मला भीती वाटायला लागते. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो. मैदानावर पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहतात, दुपारच्या पिवळ्या उन्हात धूळ तरंगत राहते, आणि संध्याकाळी गार वाऱ्याबरोबर भज्यांच्या तेलाचा वास थेट भवानी पेठेत, माझ्या स्टुडिओच्या दारापर्यंत येतो. इतरांना तो वास आला की भूक लागते. मी दार लोटून घेतो. फोन वाजला की आधी नाव बघतो. वैरागचा असला, म्हणजे अक्काच्या घरचा असला, तर दोन रिंगा तशाच जाऊ देतो. आज सगळं कळलं असेल, आज विचारतील, असं मनात येतं. मग उचलतो. कुणी काही विचारत नाही. "मामा, हुरड्याला कधी येताय?" एवढंच असतं.

लहानपणी याच दिवसांत आम्ही भावंडं गड्ड्यात राहायचो म्हटलं तरी चालेल. आमच्या वडिलांची, दादांची, तिथं फोटोची पालवजा शेड असायची. बांबू, ताडपत्री, दोन मोठे दिवे, आणि मागं पडदा. तो पडदा पेठेतल्या एका पेंटरनं रंगवलेला होता. डावीकडं घुमटाची मोठी दगडी इमारत, उजवीकडं समुद्र, समुद्रात एक शिडाची होडी. मुंबई म्हणून तो पडदा ओळखला जायचा. पेंटरनं मुंबई पाहिली नव्हती, वडिलांनी पाहिली नव्हती, आणि समोर उभे राहणारे बहुतेक लोकही तिकडं कधी गेले नव्हते. वळसंगचा एक गृहस्थ दरवर्षी बायकोला घेऊन यायचा आणि सांगायचा, "होडी दिसली पाहिजे बघा. गेल्या साली हिच्या डोक्याआड गेली."

गिऱ्हाईक नसताना वडील अक्काला उभी करून उजेड बघायचे. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची, मी सहा-सात. "सुमे, मागं. आणखी मागं." अक्का वडिलांकडं बघत, हसू तसंच ठेवून, एकेक पाऊल मागं जायची. वळून बघायची नाही, कारण वळलं की चेहऱ्यावरचा उजेड बदलायचा आणि वडील चिडायचे. वेणीला पडदा लागला की ती थांबायची. पडदा जरा हलायचा. वडील ओरडायचे, "समुद्र हलवू नको." ती तोंडावर हात धरून हसायची, आणि मग तिच्या हसण्यानं समुद्र आणखीच हलायचा.

मागं किती जायचं हे तिला कधी बघावं लागलं नाही. पाठीला पडदा लागायचाच. वडील गेल्यावर मी स्टुडिओ बघू लागलो आणि माझ्याही तोंडात तेच बसलं. मागं सरा, आणखी मागं, पडदा लागेपर्यंत. कुणाचं पाऊल कुठं पडतंय हे मी आयुष्यात कधी पाहिलं नाही. खोली माझी, फरशी माझी, मागं काय आहे ते मला माहीत.

लग्न होऊन अक्का वैरागला गेली. दाजींची शेती, मग मुलगा विनायक, मग सून. बोलता बोलता ती कधीतरी म्हणायची, "पडद्यातली मुंबई खरंच तशी हाय का, एकदा बघायचं राहिलं." सात वर्षांपूर्वी गड्डा उठल्यावर मीच म्हणालो, चल. यात्रेनंतर स्टुडिओत काम नसतं. दाजी म्हणाले, "चार दिवसांत माघारी या. आणि तिला समुद्राजवळ जास्त सोडू नको, तिला पवायला येत न्हाय." समुद्राची काळजी मी रस्ताभर घेत होतो. पाण्यात किती पावलं जाऊ द्यायचं, हात कसा धरायचा, सगळं ठरवून ठेवलं होतं.

गाडी सकाळी पोचली. स्टेशनातून बाहेर आलो, रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेलो आणि अक्कानं मागं वळून पाहिलं. घुमट, कमानी, घड्याळ. ती मान वर करून बघत राहिली. मग म्हणाली, "दादांच्या पेंटरनं लई ल्हान काढलं होतं की रं." तिनं अंजिरी रंगाची नवी साडी नेसली होती. गाडीतून उतरायच्या आधी तोंड धुऊन, पावडर लावून, नव्या चपला पिशवीतून काढून घातल्या होत्या. पहिला फोटो इथंच, हे तिनं सोलापुरातच ठरवलं होतं.

मी कॅमेरा काढला. आता जे लिहितो आहे ते मनातल्या मनात पुष्कळदा झालं आहे.

फुटपाथ अरुंद होता. माझ्या मागं दुकानाचं बंद शटर होतं. मी आधी स्वतः मागं सरलो, हात मागं नेऊन चाचपलं, शटर लागलं. म्हणजे माझी पाठ मी तपासली होती. तरी अक्का पूर्ण येत नव्हती. खाली तिचे पाय कापले जात होते, आणि पाय कापलेला फोटो आमच्या धंद्यात वाईट समजतात. नव्या चपलाही यायला हव्या होत्या. मला मागं जायला जागा नव्हती. मी डावा हात पुढं करून खूण केली. "अक्का, थोडं मागं." ती एक पाऊल गेली. "आणखी." ती माझ्याकडं बघत होती. तेच हसू, जसंच्या तसं धरून ठेवलेलं. पेठेतल्या स्टुडिओत असावी तितकी निर्धास्त. मला चौकटीत ती दिसत होती, घुमट दिसत होता. तिच्या आणि घुमटाच्या मध्ये एक रस्ता आहे, त्यावरून गाड्या चालल्या आहेत, हे मला दिसत होतं का? दिसत होतं. चित्रात दिसावं तसं दिसत होतं. मी म्हणालो, "हां, अजून जरा." आणि बटण दाबलं.

आवाज फारसा मोठा झाला नाही. ब्रेक, मग काहीतरी घासत गेल्यासारखं. चौकट रिकामी झाली आणि तिच्यात नुसता घुमट राहिला. कॅमेरा डोळ्यावरून खाली घ्यायला मला वेळ लागला. किती, ते सांगता येणार नाही. कॅमेऱ्यात काही झालेलं नव्हतं, म्हणून मी तिथंच थांबलो असेन.

मोटरसायकलवाला चाळिशीचा असावा. हेल्मेट काढून तो माझ्याइतकाच पांढरा पडून उभा होता. "वो पीछे आयी, देखे बिना पीछे आयी," असं प्रत्येकाला सांगत होता. माणसं जमली. एवढी माणसं इतक्या लवकर कुठून येतात मला कळलं नाही. सोलापुरात पडलो तर जमलेल्यांतला एक तरी तोंडओळखीचा निघतो. इथं एकही नाही. कुणी पाणी आणलं, कुणी पिशव्या बाजूला केल्या, कुणी मोटरसायकलवाल्याची कॉलर धरली. पोलीस आला.

"यांच्याबरोबर कोण आहे?"

"मी. भाऊ."

"काय झालं?"

"फोटो काढत होतो."

"पडताना पाहिलं का तुम्ही?"

मी म्हणालो, "कॅमेऱ्यात बघत होतो." हे खोटं नव्हतं, म्हणून जास्तच वाईट होतं.

खाली रस्त्यावर पडलेल्या अक्कानं डोळे उघडले. तिचा एक पाय बघवत नव्हता. ती म्हणाली, "सायेब, त्यांची काय चूक न्हाय. माझाच तोल गेला." पोलिसानं मोटरसायकलवाल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. मोटरसायकलवाल्यानं खाली बसून अक्काचे पाय धरले. मी ते बघत उभा होतो. मला जे करायला हवं होतं ते तो परका माणूस करत होता.

दवाखान्यात एक कागद दिला. नाव, वय, गाव, आणि खाली रकाना, घटना कशी घडली. पेन माझ्या हातात होतं. तिथं मी माझ्या अक्षरात लिहिलं, "तोल जाऊन पडल्या." त्या दवाखान्याच्या कपाटात तो कागद अजून असेल. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करावं लागणार होतं. मी जिन्यात उभं राहून वैरागला फोन केला. दाजी म्हणाले, "अशी कशी पडली? ध्यान कुटं असतंय हिचं?" मी म्हणालो, "अचानकच झालं हो." त्या दिवसापासून ते वाक्य त्यांच्या घरात राहायला आलं आहे.

मुंबईची मला भीती वाटली नाही. गाड्या, हॉर्न, गर्दी, अनोळखी बोलणं, यांत घाबरण्यासारखं पुष्कळ होतं, पण मला त्या शहराला घाबरायला फुरसत झाली नाही. मी घाबरलो होतो ते अक्का शुद्धीवर येऊन काय बोलेल याला. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून मी देवाचा धावा करत होतो, हे खरं आहे. त्यात किती भाग तिचा पाय वाचावा म्हणून होता आणि किती भाग तिनं खरं सांगू नये म्हणून, ते देवालाच माहीत. मला माहीत आहे असं म्हटलं तर ते इथं लिहावं लागेल.

दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. विनायक यायचा होता, अजून पोचला नव्हता. तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "कुणाला काय सांगत बसू नगंस. हे चिडतील. तुझं आमच्यात येणं बंद करतील." मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मग जरा वेळानं ती छताकडं बघत हसल्यासारखं करून म्हणाली, "तू मागं म्हनलास ना, मला वाटलं मागं पडदा हाय."

मी रडलो. ती समजली की मला वाईट वाटलं. वाईट वाटलं होतंच. पण त्या रडण्यात सुटकाही होती, हे आज सांगतो. ती सांगणार नाही, हे पक्कं झालं होतं.

समुद्र त्या दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर होता, असं नर्सनं सांगितलं. अक्का म्हणाली, "वास येतोय का रं?" मला फिनेलचा वास येत होता. मी हो म्हणालो. पंधरा दिवसांनी आम्ही तिला गाडीत आडवी घालून माघारी आणली.

तेव्हापासून मी स्टुडिओत कुणाला मागं सरा म्हणत नाही. मीच स्टँड उचलून पुढं-मागं करतो. पेठेतले विणकर आडम अण्णा माझं जुनं गिऱ्हाईक. पासपोर्टच्या फोटोला आले की चेष्टा करतात, "काय ओ, सगळं मशीन उचलून नाचताय. आमाला सांगा की, आम्ही सरू." मी म्हणतो, कंबरेला व्यायाम होतो. परवा एक नवरा-बायको आले. पहिल्यांदाच दिल्लीला निघाले होते, मोबाइलवर फोटो चांगले कसे येतात ते विचारत होते. मी त्यांना सांगितलं, समोरच्याला उभं केलंत की आधी चालत त्याच्या पाठीमागं जाऊन बघा, तिथं काय आहे. पायरी, कठडा, रस्ता, काय असेल ते. बघून परत या आणि मग कॅमेरा उचला. कॅमेरा वर गेला की आपल्याला फक्त चित्र दिसतं. आणि पोज दिलेला माणूस मागं वळत नाही, तो तुमच्यावर भरवसा ठेवून उभा असतो. परक्या गावात तर मागं सरा हा शब्दच काढू नका. पाय कापले गेले तर जाऊ द्या. बाई हसायला लागल्या. "काका, तुम्ही फोटो शिकवताय का ट्रॅफिक?" मीही हसलो. ते गेल्यावर बराच वेळ शटर अर्धं ओढून बसलो.

तो फोटो माझ्याकडं आहे. कार्ड मी त्याच रात्री कॅमेऱ्यातून काढलं आणि घरी आल्यावर रोलच्या जुन्या प्लास्टिकच्या डबीत घालून गल्ल्याच्या मागच्या कप्प्यात ठेवलं. सात वर्षांत एकदा पाहिला. या संक्रांतीनंतर. का पाहिला ते पुढं सांगतो. फोटो चांगला आला आहे. धंद्याच्या दृष्टीनं बघितलं तर उत्तम. अक्का डोक्यापासून चपलांपर्यंत पूर्ण आहे. मागं घुमट, सकाळचा उजेड, अंजिरी साडी. तिची उजवी टाच हवेत आहे, तिच्याखाली फुटपाथ नाही. आणि चौकटीच्या डाव्या कडेला, धूसर, चार बोटं आली आहेत. माझी. मागं जा म्हणून सांगणारी. त्या बोटांतली अंगठी कुणीही ओळखेल, वडिलांची आहे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. तिळगूळ घे, गोड बोल, झालं. मग आवाज बारीक करून म्हणाली, "आमच्या बचत गटाच्या बाया निघाल्यात. गणपतीपुळ्याला. देवळाला लागूनच समुद्र हाय म्हनं. पायरीवर बसून दिसतोय. मला चालायला बी लागत न्हाय."

"मग जा की."

"विनू न्हाय म्हनतो. त्याचे बाबा बी न्हाय म्हनतात. तू बोल की त्याच्याशी. तुझं ऐकतो तो."

काठी घेऊन ती घरात फिरते, अंगणात येते, कधी कुणाच्या गाडीवर बसून शेतात हुरड्याला जाते. त्यापलीकडं सात वर्षांत ती कुठं गेलेली नाही. अपवाद एकच, माझ्या मुलाच्या लग्नाला सोलापूरला आली तो. तेव्हा मांडवात दाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "हिला खुर्चीवरनं उठू देऊ नका, हिला मोकळ्या जाग्यावर बी पडायची सवय हाय." सगळे हसले. अक्काही हसली. मी पंगतीचं बघायला गेलो.

तर मी विनायकला फोन केला. चांगला मुलगा आहे, आईवर त्याचा जीव आहे, आणि म्हणूनच तो तिला कुठं पाठवत नाही. म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा. तुम्ही तर समोर होता. सपाट फुटपाथवर हिला उभं राहता आलं नाही, आणि समुद्राच्या पायऱ्यांवर एकटी कशी सोडू? तुम्हाला वाटत असेल सोडावं, तर सोडतो."

हीच ती जागा होती. सात वर्षं मी ज्या प्रश्नाला भीत होतो तो त्यानं विचारलाच नव्हता. त्यानं माझं मत विचारलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी म्हणालो ते एवढंच, "तसं... थंडी पण आहे रे यंदा."

"तेच म्हणतोय मी," विनायक म्हणाला.

संध्याकाळी अक्कानं विचारलं, "काय म्हनला?"

"बघतो म्हणाला."

मागं तिच्या घरातल्या मिक्सरचा आवाज येत होता. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू भितोस. गड्ड्यातल्या पाळण्यात बी भीत होतास. वर गेलं की माझ्या पदरात तोंड घालायचास." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. फोन ठेवला आणि मी कप्पा उघडून ती डबी काढली.

आज गड्ड्यातला शेवटचा पाळणाही उतरवला. मैदान मोकळं झालं आहे, वाऱ्यावर कागदाच्या पुड्या फिरताहेत. मोबाइल आल्यावर फोटोच्या शेडा गेल्या. वडिलांचा पडदा मात्र माझ्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेला आहे. उंदरांनी होडी खाल्ली, समुद्र बराचसा शाबूत आहे. मघाशी काढून भिंतीला टेकवून बघितला. मग कॉम्प्युटर लावला आणि तो फोटो छापला, मोठ्या आकारात, काही न कापता. बोटांसकट.

बायकांची बस येत्या रविवारी वैरागहून सुटते. अक्काची जागा त्यांनी अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही.

अक्का स्वतःहून मागं गेली नव्हती, मी तिला पाठवलं होतं, हे मला वैरागला जाऊन, हा फोटो पुढं ठेवून, विनायकला आणि दाजींना सांगायचं आहे. एवढं मी अजून देणं लागतो.